क्षारपड जमीन सुधारणा : पाईप टाकण्याआधी पाण्याची वाट ठरवा

पावसाळा सरला आणि ऊस लागणीचे दिवस आले की मला येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, रान पांढरं पडलंय, एकरी किती जिप्सम टाकू?" उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो, "तुमच्या रानातलं पाणी शेवटी जातं कुठं?" बहुतेक वेळा पलीकडून थोडा वेळ आवाजच येत नाही. मग कोणी सांगतो, खालच्या रानात जातं. कोणी म्हणतो, पूर्वी ओढा होता, आता बुजलाय. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देऊन उपयोग नसतो. कारण जिप्सम असो, धैंचा असो की जमिनीखालचा सच्छिद्र पाईप, क्षार रानाबाहेर नेण्याचे काम शेवटी पाणीच करते. आणि ते पाणी तुमच्या बांधावर थांबत नाही.

हा लेख मुख्यतः कृष्णा, वारणा आणि पंचगंगा काठच्या काळ्या, ऊसाखालच्या जमिनींबद्दल आहे. नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांखालील शेतकऱ्यांनाही तो बराचसा लागू पडेल. विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा मात्र वेगळा. तिथे भूगर्भातले पाणीच मुळात खारे आहे, त्यामुळे तिथला उपायही वेगळा आहे.

क्षार येतात कुठून?

"आम्ही तर नदीचं गोडं पाणी देतो, मग क्षार आले कुठून?" असे बरेच जण विचारतात. त्याचा साधा हिशेब करू. समजा तुमच्या पाण्याची विद्युत वाहकता (ईसी) ०.५ डेसिसायमन प्रति मीटर आहे. हे चांगले पाणी मानले जाते. अशा एक हजार लिटर पाण्यात साधारण ३२० ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. ऊसाला पाटाने वर्षभरात २०० सेंमी पाणी दिले, तर एका एकरात ८० लाख लिटर पाणी गेले आणि त्याबरोबर सुमारे अडीच टन क्षार आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून कोणी इतके मीठ रानात ओतले असते तर आपण भांडायला उठलो असतो. पाण्यातून येते म्हणून ते दिसत नाही. विहिरीचे पाणी असेल आणि त्याची ईसी दीड असेल, तर हाच आकडा साडेसात टनांवर जातो.

हे सगळे क्षार घातक नसतात. काही चुन्याच्या रूपात जमिनीतच बसतात, थोडे पीक घेते. पण पाणी पिकातून आणि जमिनीवरून वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. पूर्वी जिरायती शेतीत पाणीच कमी होते, त्यामुळे ही साठवणही हळू होती. आता वर्षाचे बारा महिने पाणी चालू असते. काळ्या जमिनीत ते सावकाश मुरते आणि खाली मुरूम किंवा खडकाचा थर लागला की तिथे तुंबते. भूजल पातळी वर्षागणिक वर चढते. ती जमिनीखाली दोन मीटरच्या आत आली की त्या जमिनीला पाणथळ म्हणतात. दीड मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, खालचे खारे पाणी वर चढते. वर येऊन पाणी उडून जाते आणि पांढरा थर राहतो. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर दिसतो तो हाच.

हे आजचे दुखणे नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत, १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्याने नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १९१६ मध्ये सिंचनाच्या पद्धती शेतीच्या गरजेप्रमाणे सुधारण्यासाठी मुंबई इलाख्याने एक खास विभाग सुरू केला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच उभे राहिले. म्हणजे पाणी आले की निचऱ्याचा प्रश्न येतो, हे आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तरी योजना मंजूर होते ती पाणी आणण्याची. पाणी बाहेर काढण्याची चर खोदायला पैसा उरत नाही, आणि खोदली तरी ती पुढे कोणाच्या नावावर सांभाळायची हे ठरत नाही.

तुमची जमीन क्षारयुक्त की चोपण?

निचऱ्याच्या कामाला लागण्यापूर्वी माती परीक्षण करा, आणि ते नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशापुरते नको. सामू, ईसी आणि विनिमययुक्त सोडियमचे प्रमाण (ईएसपी) हे तिन्ही आकडे मागून घ्या. नमुना एका ठिकाणचा आणि एका खोलीचा पुरत नाही. ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंमी अशा तीन थरांचे नमुने घ्या. शक्यतो उन्हाळ्यात घ्या, तेव्हा क्षार वर आलेले असतात.

ईसी ४ पेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी आणि ईएसपी १५ पेक्षा कमी असेल तर जमीन क्षारयुक्त. ईसी ४ पेक्षा कमी, पण सामू ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर असेल तर ती चोपण. ईसी आणि ईएसपी दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण. आपल्या भारी काळ्या जमिनीत ईएसपी १५ होण्याच्या बऱ्याच आधीच माती चिकट, कठीण व्हायला लागते, म्हणून १४ आकडा आला तर निश्चिंत राहू नका.

इथे एक गफलत नेहमी होते. वरचा ४ हा आकडा संपृक्त अर्कातील ईसीचा आहे. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात. त्यात क्षार पातळ झालेले असतात, म्हणून आकडा कमी येतो. संपृक्त अर्कातला आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. म्हणजे अहवालावर १.८ पाहून तुम्ही "चारच्या आत आहे" म्हणत बसाल आणि तिकडे ऊसाचे फुटवे मरत असतील. अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा, की ईसी कोणत्या प्रमाणात मोजली.

ऊस क्षाराला तसा नाजूक आहे, हे पुष्कळांना पटत नाही. संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढे गेली की ऊसाचे उत्पादन घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला जवळपास ६ टक्के घट येते. ईसी ५ असेल तर पाचवा हिस्सा गेला, ८ असेल तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. त्यात मुळांशी पाणी तुंबलेले असेल तर नुकसान याहून मोठे. याउलट गहू ईसी ६ पर्यंत आणि कापूस साडेसातपर्यंत फारशी घट न होता तग धरतो.

आता जिप्समकडे. जिप्सम काम करते ते चोपण जमिनीत. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हटवतो आणि सोडियम सल्फेटच्या रूपात विरघळून सुटा होतो. तो सुटा झालेला सोडियम धुऊन बाहेर गेला नाही तर उन्हाळ्यात पुन्हा तिथेच येऊन बसतो. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत तर जिप्सम टाकणे म्हणजे क्षारात आणखी एका क्षाराची भर. दुसरे असे, की साध्या पाण्यात जिप्सम फार थोडे विरघळते, एका लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. एकरी एक टन जिप्सम विरघळायचे तर किमान १० सेंमी पाणी जमिनीतून खाली जायला हवे. ते खाली जायला वाटच नसेल तर पोती रिकामी करून काय मिळणार?

एकट्याने केलेले काम का फसते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सात-आठ शेतकऱ्यांनी मिळून साधारण वीस एकरांत सच्छिद्र पाईप टाकले. पाईप चांगले, भोवती गाळणीचे कापड व्यवस्थित, उतार यंत्राने काढलेला. मी स्वतः तीन वेळा कामावर गेलो होतो, आणि पहिल्या पावसाळ्यात पाईपातून धो-धो पाणी वाहताना पाहून सगळ्यांना आनंद झाला होता. पाणी सोडले होते ते शेजारच्या जुन्या चरीत. ती चर पुढे ज्या चार रानांमधून ओढ्याला मिळत होती, त्या शेतकऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. वर्षानुवर्षे कोरडी असलेली चर अचानक बारमाही वाहू लागली, तीही खाऱ्या पाण्याने. खालच्या एकाच्या ऊसात पाणी शिरले. दुसऱ्या वर्षी त्याने चरीत मुरूम टाकून ती बंद केली. पाणी पाईपातून उलटे तुंबले आणि तिसऱ्या वर्षी ते वीस एकर पुन्हा पांढरे पडायला लागले. मुरूम टाकणाऱ्याला मी दोष देऊ शकलो नाही. त्याचे रान वाचवायला तो दुसरे काय करणार होता? चूक आमची होती, आणि त्यात माझीही. नकाशा आम्ही वीस एकरांचा काढला होता, ओढ्यापर्यंतचा काढला नव्हता.

आकड्यांत पाहा. निचऱ्याचा आराखडा साधारणपणे दिवसाला १ ते २ मिमी पाणी बाहेर काढायचे असे धरून करतात. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण एका एकरातून १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर. शंभर एकरांचा गट असेल तर रोजचे ४ ते ८ लाख लिटर पाणी एका तोंडातून बाहेर पडणार. ते झेलणारी चर, ओढा, त्यावरची मोरी, सगळेच त्या मापाचे हवे.

उंचीचाही प्रश्न आहे. रानातला पाईप वरच्या टोकाला १ मीटर खोल सुरू केला आणि १५० मीटर लांबीला शंभर मीटरमागे २० सेंमी उतार दिला, तर खालच्या टोकाला तो १.३ मीटर खोल जातो. पुढे ४०० मीटर मुख्य पाईप, शंभर मीटरमागे १० सेंमी उताराने, म्हणजे आणखी ४० सेंमी. जमीन सपाट धरली तर पाणी जमिनीखाली पावणेदोन मीटरवर बाहेर पडणार. ओढ्यातले नेहमीचे पाणी त्याच्याही खाली असले तरच ते आपोआप वाहील. ओढा गाळाने भरून मीटरभर उथळ झाला असेल, तर तुमचा पाईप कितीही भारी कंपनीचा असो, त्याचे तोंड पाण्यात बुडालेले राहणार. ओढा खोल करणे हे कोणा एका सातबाराचे काम नाही. तो चार-पाच गावांतून जातो. वरच्या गावाने खोल केला आणि खालच्याने केला नाही, तर वरच्याची मेहनत खालच्याच्या शिवारात पूर म्हणून उतरते.

आणि फक्त खालचेच नाही, वरचेही. चढावर बसलेली रानं रात्रभर मोटर चालू ठेवून सरीभर पाणी सोडतात. त्यांचे रान पांढरे पडत नाही, कारण जादा पाणी जमिनीतून झिरपत खाली येते. पांढरे पडते ते पायथ्याचे, मळीजवळचे रान. ज्याच्यामुळे पाणी वाढते त्याचे नुकसान होत नाही, आणि ज्याचे होते त्याच्या हातात मोटरचे बटण नसते. हा या दुखण्याचा सगळ्यात अवघड भाग आहे. यावर मातीशास्त्रात औषध नाही, वरचा आणि खालचा एका बैठकीत बसणे एवढाच मार्ग आहे.

एकत्र येऊन झालेली कामे

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावोगावच्या शेतकऱ्यांनी गट करून क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईपची कामे केली आहेत. तिथे गेलात तर पाईपपेक्षा त्यांची कामाची पद्धत बघा. आधी गाव एकत्र, मग पाण्याच्या मुख्य वाटेचे सर्वेक्षण, मग मुख्य पाईप आणि शेवटी ज्याच्या-त्याच्या रानातले पाईप. वर्षानुवर्षे पडीक असलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला तिथे पाहायला मिळतो. साखर कारखाना मध्ये असण्याचा फायदा उघड आहे. एकरी खर्च लाखाच्या घरातला असतो आणि पडीक रानावर तो एका हंगामात निघत नाही. कारखान्याकडे दरवर्षी ऊस जाणार असतो, त्यामुळे कर्जाची परतफेड बिलातून हप्त्याने बसवता येते, आणि एका गावाच्या वेशीवर काम अडत नाही.

हरियाणात परिस्थिती आणखी कठीण होती. तिथला सपाट, बशीसारखा प्रदेश, पाण्याला नैसर्गिक उतारच नाही. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून या प्रश्नावर काम करते आहे. तिथे जमिनीखालचे पाणी एका विहिरीत गोळा करून पंपाने उचलून मुख्य नाल्यात टाकावे लागते. म्हणजे डिझेल किंवा विजेचा रोजचा खर्च आला, आणि तो वाटून घ्यायला शेतकऱ्यांचे गट आले. गट टिकला तिथे पंप चालला. गटात फूट पडली तिथे पंप बंद, आणि जमिनीखालचे चांगले पाईप असून नसल्यासारखे. आपल्याकडे नद्या खोल आहेत, पाणी उताराने जाऊ शकते. ही आपली मोठीच सोय आहे, ती ओढे बुजवून घालवू नका.

सुरुवात कुठून करायची

पैसे जमवण्याआधी पाण्याची पातळी मोजा. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाईपचा अडीच मीटरचा तुकडा घ्या, त्याच्या खालच्या निम्म्या भागाला भोके पाडा, भोवती नायलॉन जाळी गुंडाळा आणि हाताच्या गिरमिटाने भोक पाडून तो उभा पुरा. वर झाकण लावा. चढावरच्या रानापासून ओढ्यापर्यंत एका ओळीत असे पाच-सहा पाईप बसवा. दर पंधरा दिवसांनी काठी घालून पाणी किती खोल लागते ते वहीत लिहा, आणि जमले तर त्या पाण्याची ईसीही मोजा. ईसी मोजण्याचे छोटे यंत्र गटाला एक पुरते. वर्षभराची ही वही ग्रामसभेत ठेवली की निम्मे वाद मिटतात. चढावर मोटर चालू झाल्यावर पायथ्याची पातळी किती चढते, हे एकाच कागदावर दिसते. कृषी सहायकांना माझी विनंती आहे, की शेतीशाळेचा एक वर्ग या वहीला द्या.

मग नकाशा. गाव नकाशावर जुने ओढे, नाले, चरी दाखवलेल्या असतात. तो घेऊन प्रत्यक्ष शिवारातून ओढ्याच्या तोंडापर्यंत चालत जा. कुठे बुजले, कुठे मोरी वर बसली, कुठे कोणी बांध पुढे सरकवला ते टिपा. या फेरीला खालच्या गावच्या लोकांनाही बोलवा. ते न सांगता आलेले पाणी अडवतात, आधी सांगून आलेल्या पाण्याशी बऱ्याचदा जुळवून घेतात.

नैसर्गिक ओहोळ कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो, हे लक्षात ठेवा. पण हा शेवटचा उपाय. तहसीलमध्ये गेलेली चर उघडते, माणसे मात्र पुढे दहा वर्षे बोलत नाहीत, आणि गाळ काढायला तर दरवर्षी एकत्रच यावे लागणार असते.

गट झाला की लेखी ठराव करा. मुख्य पाईपचा खर्च एकराच्या प्रमाणात वाटायचा की ज्याचे रान जास्त खराब त्याने जास्त द्यायचे? ज्याच्या बांधावरून मुख्य पाईप जाणार त्याच्या पिकाची भरपाई किती? चेंबरमधला गाळ कोण काढणार, दरवर्षी एकरी किती वर्गणी? जमीन विकली गेली तर नवा मालक बांधील राहील का? या प्रश्नांवर सुरुवातीलाच वाद झाला तर बरे, पाईप पुरल्यावर तो महागात पडतो. माझे मत विचाराल तर चढावरच्या, रान चांगले असलेल्या शेतकऱ्यांनीही मुख्य चरीच्या खर्चात थोडा वाटा द्यावा. सगळीकडे हे मान्य होईल असे नाही, पण बैठकीत हा मुद्दा निघायला हवा. कालव्याखाली पाणी वापर संस्था असेल, किंवा नदीवरून उपसा करणारी सहकारी पाणीपुरवठा संस्था असेल, तर वेगळा गट काढण्यापेक्षा तिलाच हे काम जोडा. पाणी देणारी आणि पाणी काढणारी संस्था एकच असली तर पाणी जपून दिले जाते. सरकारी अनुदान घ्यायचे असेल तर तालुका कृषी कार्यालयात आधी चौकशी करा, मंजुरीपूर्वी सुरू केलेले काम बहुधा धरले जात नाही.

प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर

भारी काळ्या जमिनीत सच्छिद्र पाईप साधारण १ ते १.२५ मीटर खोल आणि दोन पाईपांत २५ मीटरच्या आसपास अंतर ठेवून टाकतात. एकराला सुमारे १६० मीटर पाईप लागतो. नेमके अंतर मातीतून पाणी किती वेगाने जाते त्यावर ठरते, शेजारच्या गावाचा आराखडा उचलू नका. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राने याच भागातील जमिनींवर काम केले आहे, त्यांचा सल्ला घ्या. चिकणमातीचे प्रमाण जास्त असेल आणि पाणी वरच्या थरातच तुंबत असेल तर मोल नांगराने ४० सेंमीच्या आसपास खोल, चार-चार मीटरवर बोगदे पाडण्याची स्वस्त पद्धतही आहे. ते बोगदे तीन ते पाच वर्षे टिकतात. त्यांनाही पाणी सोडायला चर लागतेच.

काम उन्हाळ्यात उरका, म्हणजे पहिला पाऊस क्षार धुवायला मिळतो. एक मीटर खोलीची माती धुवायला साधारण एक मीटर पाणी तिच्यातून खाली गेले, तर विरघळणाऱ्या क्षारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास निघून जातात. शिरोळ-मिरज भागात पाऊस कमी, त्यामुळे एका पावसाळ्यात रान सुधारेल ही आशा नको. दोन-तीन वर्षे धरा. बांध नीट घाला, रान सपाट करा, पावसाचे पाणी वरून वाहून न जाता खाली मुरू द्या.

रान चोपण असेल तर माती परीक्षणात आलेल्या मात्रेप्रमाणे जिप्सम आता टाका, वरच्या २० सेंमी थरात मिसळून. खोल नांगरून ते गाडू नका. चुनखडीचे प्रमाण भरपूर असलेल्या जमिनीत गंधकही चालते, पण त्याचे आम्ल जिवाणूंकडून तयार होते, म्हणून ओल आणि वेळ दोन्ही लागतात. त्यानंतर धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर येण्याआधी गाडा. ऊसाची घाई करू नका. पहिल्या वर्षी गहू घ्या, ईसी उतरली की सोयाबीन, मग ऊस. खोडव्याचे पाचट जाळू नका. जमीन झाकलेली राहिली की पाणी कमी उडते आणि क्षार वर कमी येतात.

रान सुधारल्यावर पाट पूर्वीसारखाच मोकळा सोडलात तर पाईप किती दिवस पुरणार? ठिबक करा. मात्र ठिबकने क्षार ओल्या भागाच्या कडेला जमतात, हे विसरू नका. पावसाने ते पुरेसे धुतले गेले नाहीत तर वर्षातून एखादे भरपूर पाणी द्यावे लागते. पाईपचे तोंड आणि चेंबर पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पुरानंतर एकदा तपासा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर या भागात किती गाळ बसला ते तुम्ही पाहिलेच आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हे सगळे खारे पाणी शेवटी ओढ्यातून नदीत जाते, आणि नदीचे पाणी खालचे गाव पुन्हा उपसून शेतीला देते. पावसाळ्यात नदी भरून वाहत असते, तेव्हा फरक पडत नाही. एप्रिल-मे मध्ये नदीत पाणी थोडे असताना पडतो. म्हणून मुख्य पाईपच्या तोंडाला झडप बसवा, उन्हाळ्यात पाण्याची पातळी परवानगी देईल तेवढे दिवस ती बंद ठेवा. पाईपातून पडणाऱ्या पाण्याची ईसी महिन्याला मोजून त्याच वहीत लिहा. सुरुवातीला आकडा मोठा येईल, मग उतरत जाईल. नदीच्या पाण्याचीही एक नोंद वरच्या बंधाऱ्याशी आणि एक खालच्या बंधाऱ्याशी ठेवा, आणि ती खालच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेला दर महिन्याला पाठवा.